आहे ते जपू या



आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिक महासागरात लांझारोते नावाचं बेट आहे. पाऊस तिथे अगदी तुरळक. अठराव्या शतकात ज्वालामुखी उसळला आणि सुपीक शेतं काळ्या राखेखाली गेली.

शेतकरी खचले नाहीत. राखेत खोल खड्डे खणून त्यांनी खालची माती गाठली. तिथे द्राक्षाची वेल लावली. वारा अडवायला दगडांचा अर्धगोल बांध घातला. राख ओलावा धरून ठेवते, माती सुकू देत नाही. शेत गिळणारी राखच आता वेल जगवते. आहे ते त्यांनी जपलं.

श्रोतेहो, नाही त्याचं दुःख खरंच असतं. पण आहे ते जपणाऱ्याला वाट सापडते. घागरभर पाणी असो, घटकाभर वेळ असो, की जिव्हाळ्याचं एखादं माणूस. आज उणं मोजण्याआधी, आहे ते जपू या.