मुंबईचा चंद्रोदय

"देवाला मी दोन वर्षं दिली, बाई. आता पुरे."

परवा बरुआसागरच्या तलावावर, बांधाच्या पायरीवर बसून शेंगदाणे सोलता सोलता तू हे म्हणालास. शेजारी तुझे वडील होते, म्हणून मी फारसं बोलले नाही. चारचौघांत कान धरण्याइतका तू लहान राहिलेला नाहीस. पण झाशीला परत येईपर्यंत ते वाक्य दातात अडकलेल्या कुसळासारखं टोचत राहिलं. तेव्हा आता ऐक, आणि मध्ये बोलायचं नाही.

दोन वर्षं दिलीस म्हणजे काय केलंस? हातउसनी दिलीस? व्याज किती ठरलं होतं? एकवीस संकष्ट्या केल्या, असं बोटांवर मोजून सांगत होतास. बँकेच्या परीक्षेला तीनदा बसलास, तिन्ही वेळा गणिताच्या भागात वेळ पुरला नाही. संकष्ट्यांचा आकडा तुला तोंडपाठ आहे. गणिताचे सराव पेपर किती सोडवलेस, असं मी विचारलं तेव्हा मात्र तू तलावाकडे पाहू लागलास. सकाळी साडेआठला उठणाऱ्याने देवाच्या घड्याळाबद्दल तक्रार करावी, ही गंमतच आहे.

आता तुझ्या संकष्टीबद्दलच बोलते. तुमच्या स्वयंपाकघरात जे कॅलेंडर टांगलेलं असतं, ते दर दिवाळीला तुझी आत्या मुंबईहून पाठवते. त्यात छापलेली चंद्रोदयाची वेळ मुंबईची. तू ती बघतोस, मोबाइलला गजर लावतोस, आणि गजर होईपर्यंत पानावर चुळबुळत बसतोस. आईला दहा वेळा विचारतोस, "किती मिनिटं राहिली?" सातवीत माझ्याकडे शिकवणीला यायचास तेव्हा रेखांश शिकवले होते ना? एका अंशाला चार मिनिटं. मुंबई त्र्याहत्तरच्या जरा अलीकडे, झाशी साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास. कर गुणाकार. ढोबळमानाने बावीस मिनिटं. चंद्राच्या जागेप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल, पण झाशीचा चंद्र मुंबईच्या आधीच उगवणार. म्हणजे एकवीस वेळा तू उपाशीपोटी देवावर चरफडत बसलास, आणि चंद्र तुमच्या गच्चीमागे केव्हाच वर आलेला होता. तो तुझ्या कॅलेंडरात आला नव्हता, एवढंच. एकदा जिना चढून पूर्वेकडे पाहिलं असतंस तर कळलं असतं.

हसू नकोस. आणि यावरून "म्हणजे माझी नोकरीही आलेलीच आहे" असा सोयीचा अर्थही काढू नकोस. तसलं गोड बोलणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे जा. मी एवढंच म्हणते, की वेळ चुकली असं ठरवण्याआधी आपण कुणाचं कॅलेंडर धरून बसलो आहोत ते पाहावं. तुझ्या मावसभावाला बाविसाव्या वर्षी नोकरी लागली, ते त्याचं कॅलेंडर. तू ते तुझ्या भिंतीवर टांगलंस.

तू ज्या बांधावर बसला होतास तो ओरछाच्या राजा उदितसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधवला. गावाला नाव दिलं ते याच तलावाने. बुंदेलखंडात पावसाचा काय भरवसा असतो ते तुला ठाऊक आहे, विहिरी आटलेल्या तू पाहिल्या आहेस. राजाला दगड आणता आले, मजूर आणता आले, बांध उभा करता आला. पाणी आणता आलं नाही. त्याने आभाळाकडे पाहत बसण्याऐवजी बांध नीट बांधला, म्हणून जेव्हा पाऊस आला तेव्हा पाणी अडलं. तुझा बांध कुठे आहे? उद्या खरोखर धो धो पडला तरी तुझ्याकडे अडवायला काय आहे?

आणि ते आल्याचं शेत. तेव्हाच मला खरा राग आला होता. बरुआसागरचं आलं म्हणजे या भागात नावाजलेलं, तिथल्या बाजारात त्याचे ढीग लागतात. वडिलांच्या ओळखीच्या शेतकऱ्याने आपल्याला वाफे दाखवायला नेलं. लागवड होऊन पंधरा-सोळा दिवस झाले होते. वर पालापाचोळ्याचं आच्छादन, खाली काहीच दिसत नव्हतं. तू चपलेच्या टोकाने पाला सारलास आणि बोटाने माती उकरलीस. बेण्याचा तुकडा वर आला. त्याला एक डोळा फुटत होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा, टोकाशी किंचित गुलाबी. "अजून एवढंच?" म्हणालास, आणि तुकडा हातात फिरवू लागलास. तो डोळा तुझ्या अंगठ्याखाली मोडला. तुला कळलंही नाही. शेतकरी ओरडला नाही. "भैया, रहन दो" एवढंच म्हणाला, तुकडा तुझ्या हातातून घेतला, दुसरा डोळा वर येईल असा ठेवला आणि माती सारखी केली.

त्या माणसाला तू काही विचारलं नाहीस. मी विचारलं. महिनाभराने कोंब वर दिसतील, म्हणाला. मग खुरपणी, मातीची भर, आणि पावसाळाभर एकच धास्ती: वाफ्यात पाणी तुंबलं की कंद कुजतो. काढणी थंडीत. आठ-नऊ महिने. तेवढा काळ तो हात जोडून बसत नाही आणि रोज उकरूनही बघत नाही. तू या दोन्हीच गोष्टी करतोस. परीक्षेच्या आधी हात जोडतोस, नंतर दर तासाला मोबाइलवर निकाल उकरतोस.

तू म्हणशील, बाई, शेतकऱ्याला पीक तरी मिळतं. नेहमी मिळत नाही. कंदकुजीत वाफेच्या वाफे जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस पुन्हा बेणं निवडायला बसतो.

आपण झाशीची मराठी माणसं. विष्णुभट गोडसे आपल्याला परके नाहीत. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. घरचं कर्ज फिटावं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, हा हिशेब. तुझ्यासारखाच हिशेब. वाटेत बंडाचा वणवा पेटला. भटजी इथे आपल्या झाशीत अडकले, इंग्रजांचा वेढा त्यांनी आतून पाहिला. तात्या टोपे मदतीला आले आणि १ एप्रिल १८५८ ला बेतवेच्या काठी हरले. शहराच्या तटाआड किती लोकांनी देवाला हाका मारल्या असतील? शहर पडलं. भटजी लुटले गेले. म्हणून सांगते, देवाच्या वेळेवर भरवसा ठेवला की निकाल आपल्या बाजूने लागतो, असं मी तुला कधी शिकवलं नाही आणि शिकवणार नाही. निदान या शहरात राहून तरी ते कुणी बोलू नये.

भटजी दोन-अडीच वर्षांनी घरी पोचले ते पैसे घेऊन नाही. खांद्यावर गंगेची कावड होती, आईवडिलांसाठी. सगळं गेलं, पण पाणी सांडू दिलं नाही. पुढे पंचविसेक वर्षांनी त्यांनी ती हकिकत लिहून काढली, आणि 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ साली. तोवर भटजी हयात नव्हते. दक्षिणेसाठी निघालेल्या माणसाकडून काय करवून घेतलं गेलं, ते त्यांना कावड वाहताना कळलं असेल का? मला नाही वाटत. आणि तू दोन वर्षांत देवाचा हिशेब तपासून वही मिटवून टाकलीस!

पंढरपूरला आजीबरोबर गेला होतास ना? विटेवर देव का उभा आहे, ते तिने सांगितलं असेल. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. देव दारात आला, तर त्याने वीट भिरकावली आणि थांब म्हणाला. हातातलं काम टाकून तो उठला नाही. देवाला त्याचा राग आला नाही. तू मात्र हातात काही काम नसताना देवावर रागावतोस.

संकष्टी सोडायची असेल तर खुशाल सोड. माझ्या घरी कुणी उपास करत नाही, आमचे हे तर आयुष्यभर चतुर्थीला मिसळ खात आले. पण "मी दिलं आणि मला मिळालं नाही" असं कारण सांगून सोडणार असशील तर ते मला चालणार नाही. आणि धरणार असशील तर आईला ताटकळवणं बंद कर. ती बिचारी तुझ्यासाठी मोदक दोनदा गरम करते.

पुढच्या चतुर्थीला संध्याकाळी सातला माझ्या गच्चीवर यायचं. चंद्र दिसेपर्यंत वेळ मोजून सराव पेपर सोडवायचे, मी समोर बसेन. पेन दोन आण. मोबाइल खाली आईकडे ठेवून ये.