चौकोनावर बोट कोण ठेवणार?

मी डॅशबोर्ड बनवतो. म्हणजे हजारो ओळींची एक्सेल शीट साहेबांना एका नजरेत कळावी, म्हणून तिचं चित्र करून देतो. या धंद्यात बेन श्नायडरमन यांच्या कामाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

1983 मध्ये या संगणकशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात माणूस आणि संगणक यांच्यातल्या व्यवहाराचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा सुरू केली. 1990 च्या सुमारास तिथली 80 एमबीची हार्ड डिस्क भरून गेली. वापरणारे 14 जण. जागा कोणी अडवली? फोल्डरच्या याद्या वाचून पत्ता लागेना. मग श्नायडरमन यांनी अख्खी डिस्क एका चौकोनात मांडली. त्यात लहान चौकोन, त्यांच्यात आणखी लहान. फाइल जेवढी मोठी, तेवढा चौकोन मोठा. हाच ट्रीमॅप. शेअर बाजाराचे लाल-हिरवे चौकोन तुम्ही फोनवर बघता, ते याचेच वंशज.

1996 मध्ये त्यांनी आमच्या क्षेत्राला एक मंत्र दिला. आधी सगळ्याचं एकत्र चित्र दाखवा, मग जवळ जाऊ द्या, नको ते गाळू द्या आणि तपशील मागितला की द्या. मला तो पाठ होता. 'मागितला की' या शब्दांवर मात्र मी कधी थांबलो नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी घरपोच सामान देणाऱ्या एका कंपनीसाठी मी ट्रीमॅप केला. एक चौकोन म्हणजे एक डिलिव्हरी करणारा मुलगा. उशीर मर्यादेपलीकडे गेला की लाल. मर्यादा मीच ठरवली होती. चित्र फार लाल दिसू नये, एवढाच हिशोब. महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये लाल आयडी बंद करायचं ठरलं. पाच मिनिटांत.

नंतर दुसरंच काही तपासताना मी एका लाल चौकोनावर क्लिक केलं. सगळे उशीर संध्याकाळचे, सगळे नदीपलीकडचे. पूल दुरुस्तीसाठी बंद होता. पोरगा रोज लांबून फिरून जात होता. माहिती एका क्लिकवर होती. कोणी मागितली नव्हती. मीही नाही. कळवलं, तर उत्तर आलं, 'आता नवीन मुलं घेतली.'

चित्र खोटं होतं का? एकही आकडा चुकलेला नव्हता. ट्रीमॅपसुद्धा 'जागा कोणी अडवली' हे शोधायलाच जन्मला. पण तिथे मोठा चौकोन दिसला की उठून त्या माणसाकडे जाता येत होतं, 'एवढं काय साठवलंस?' असं विचारता येत होतं. आमच्या चौकोनाला उत्तर द्यायची सोयच नव्हती.

एकत्र चित्र हवंच. त्याशिवाय हजार माणसांचं काही कळणार नाही. पण निर्णय माणसाच्या पोटाचा असेल, तर तपशील कोणी मागेल याची वाट बघणं हीच बेइमानी. आता माझ्या डॅशबोर्डवर तपशील उघडल्याशिवाय कोणाचाच आयडी बंद करता येत नाही. क्लायंट कुरकुरतात.

त्या मुलाचा आयडी मला अजून पाठ आहे. नाव माहीत नाही. तो कॉलम मीच काढून टाकला होता.