पत्र कोणाचें, वाट कोणती ?

आमच्या महाविद्यालयाच्या ईमेल-व्यवस्थेसाठीं जी समिति नेमली गेली, तिच्यावर आमचीही योजना झाली. यंत्रविद्येंत आमची गति बेताचीच. परंतु तेथें जो प्रश्न निघाला तो यंत्राइतकाच नीतीचाही आहे असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

पत्र कोणत्या वाटेनें धाडावयाचें हें ईमेलचा सर्व्हर सामान्यतः घेणाराच्या पत्त्यावरून ठरवितो. आपल्या टपालवाल्याचा न्यायही हाच. परंतु ‘पोस्टफिक्स’ नांवाच्या सर्व्हरांत पाठविणाराच्या नांवावरून वाट ठरविण्याचीही सोय आहे. एका तक्त्यांत डावीकडे पाठविणाराचा पत्ता व उजवीकडे वाट, अशा ओळी लिहावयाच्या. सर्व्हर आधीं सबंध पत्ता शोधतो. तो न सांपडल्यास पत्त्याचा उत्तरार्ध, म्हणजे संस्थेचें नांव, शोधतो. तेंही न मिळाल्यास पत्र नेहमींच्या वाटेनें जातें.

आमच्या तंत्रज्ञांची सूचना अशी कीं, अध्यापक व कचेरी यांचीं पत्रें एका वाटेनें जावींत, विद्यार्थ्यांचीं दुसरीनें. कारणही सबळ होतें. पत्रें घेणारे मोठे सर्व्हर, पत्र ज्या आय. पी. पत्त्यावरून येतें त्याच्या अब्रूचा हिशेब ठेवितात. एखाद्या विद्यार्थ्याचा पासवर्ड चोरीस गेला, चोरानें त्याच्या नांवें हजारों फसवीं पत्रें धाडलीं, कीं तो पत्ता बदनाम होतो. आणि मग प्राचार्यांचें पत्रही अडगळीच्या टोपलींत पडतें. दोन वाटांना दोन पत्ते दिले म्हणजे एकाचा कलंक दुसऱ्यास लागत नाहीं. सर्वांनीं माना डोलविल्या, आम्हींही डोलविली.

पाठविणारा पाहून पत्राची बरदास्त ठेवण्याची ही कल्पना कांहीं नवी नव्हे. ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांस पूर्वीं पत्रावर नुसती आपली सही करून तें फुकट धाडतां येई. साहजिकच ते स्नेह्यासोबत्यांस सह्या वाटूं लागले. तेव्हां १७६४ सालीं सबंध पत्ता सभासदाच्याच हस्ताक्षरांत हवा असा कायदा झाला. १७८४ सालीं तारीख व गांव घालण्याचीही सक्ति झाली. आणि अखेर जानेवारी १८४० मध्यें, रोलंड हिल यांच्या एक पेनीच्या टपालाबरोबर, ती सवलतच रद्द झाली. नांवावर सवलत ठेवली कीं नांव खोटें पडूं लागतें. ईमेलमध्यें तर १९८२ च्या मूळ नियमांप्रमाणें पाठविणारा जें नांव सांगेल तेंच पाकिटावर पडे. त्याची पारख करण्याची सोय त्या नियमांत नव्हती. आतां ज्यानें लॉगिन केलें त्यानें दुसऱ्याचें नांव घालूं नये असा निर्बंध सर्व्हरवर घालतां येतो, व तो आमच्याकडे घातलेला आहे. तेव्हां खोट्या नांवाची अडचण आमच्यापुरती मिटली. परंतु नांव खरें ठरल्यानें प्रश्न सुटला असें नाहीं, हें आम्हांस एका विद्यार्थिनीनें शिकविलें.

तिनें परदेशांतील एका शिष्यवृत्तीसाठीं अर्ज धाडला होता. त्याच सुमारास तिच्या कोणा सहाध्यायाचा पासवर्ड चोरीस जाऊन विद्यार्थ्यांची वाट बदनाम झाली, आणि अर्ज तिकडे अडगळींत पडला. पत्र परत आलें असतें तर निदान कळलें तरी असतें. अडगळींत पडलेल्या पत्राची वर्दी धाडणारास कोणी देत नाहीं. मुदत टळून गेल्यावर ती आमच्याकडे आली. रडली नाहीं, रागावलीही नाहीं. म्हणाली, “सर, पूर्वीं आमचीं पत्रें पोंचत नसत तेव्हां तुमचींही पोंचत नसत. मग तुम्ही फोन करीत होतां, आणि संध्याकाळपर्यंत सारें ठीक होई. आतां तुमचीं पोंचतात.”

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. तंत्रज्ञ म्हणतील कीं आजारी माणसास वेगळें ठेवण्यांत अन्याय कोणता ? तें खरें, पण वेगळें ठेवणारावर अधिक शुश्रूषेचा भार येतो, आणि आमच्या समितीच्या ठरावांत शुश्रूषेचें एकही कलम नव्हतें. विद्यार्थ्यांच्या वाटेवर पहारा कोणी ठेवावा, बिघाड किती वेळांत दुरुस्त व्हावा, हें आम्ही ठरविलेंच नाहीं. पूर्वीं तें ठरविण्याची गरज नव्हती, कारण आमचें पत्र अडलें कीं ओरड आपोआप होई. प्राचार्यांचा खोळंबा हाच विद्यार्थ्यांचा विमा होता. तो आम्हीं काढून घेतला, आणि काढून घेत आहों याची आम्हांस जाणीवही नव्हती. ज्याची ओरड ऐकली जाते त्यास दुसऱ्या वाटेवर नेऊन ठेवलें म्हणजे पहिल्या वाटेवरचे खड्डे कोणाच्या नजरेस पडावयाचे ?

दोन्ही वाटा पुन्हां एक कराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें सर्वांचेंच पत्र अडेल. समितीपुढें पहाऱ्याचें कलम आम्हीं ठेवलें आहे. तें मान्य होईपर्यंत तंत्रज्ञांस एक विनंति केली. सबंध पत्ता आधीं शोधला जातो हें लक्षांत घेऊन त्यांनीं तक्त्यांत एक ओळ वाढविली : डावीकडे आमचा पत्ता, उजवीकडे विद्यार्थ्यांची वाट. त्यांस थोडें हंसूं आलें असावें. गेल्या आठवड्यांत एका संपादकांस धाडलेला आमचा लेख पोंचला नाहीं असें कळलें. आम्हीं तत्काळ फोन केला, आणि संध्याकाळपर्यंत ती वाट मोकळी झाली.