शिकारखाना गेला, जबाबदारी उरली

धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची संस्थानं. देवासची तर एकाच गावात दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. 1948 साली ती मध्य भारतात विलीन झाली आणि शिकारखान्याचे दिवस संपले. संस्थानी शिकारीचं गुणगान करणारे अजूनही भेटतात. तेव्हा राखीव रान होतं, शिस्त होती, असं ते सांगतात. शिस्त होती हे खरं, पण ती शिकाऱ्याच्या सोयीची. हाक्याला उभा राहायचा तो गावकरी, आणि राखीव रानातलं जनावर त्याच्या ज्वारीत शिरलं तर जागल करायची तीही त्यानंच.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ही मौज थांबवली, हे चांगलंच झालं. या कायद्यानं ससाही राखला आहे, हे मात्र अजून पुष्कळांच्या गावी नाही. ‘ससाच तर आहे’ म्हणत रात्री मोटारसायकलवर दोघं निघतात. मागच्याच्या हातात बॅटरी असते. झोत डोळ्यांवर पडला की ससा पळायचं विसरून जागीच बसतो. वाघर लावून ससा धरायला निदान रानाची माहिती लागे, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा ओळखाव्या लागत. या झोताला तीही लागत नाही. मादी गाभण आहे की गवतातल्या खळग्यात तिची पिल्लं आहेत, हे पाहणारं कुणी नसतं.

मग सशांची संख्या आटोक्यात ठेवायची कुणी? हा प्रश्न रास्त आहे. रानससा वर्षातून अनेकदा वितो. पेरणीनंतरच्या दिवसांत बांधालगतचे सोयाबीनचे कोंब विळ्यानं तिरपे कापल्यासारखे दिसले, तर ते त्याचंच काम. पण पीक गुडघ्याला लागलं की त्याचा उपद्रव फारसा उरत नाही. शिवाय लांडगा, कोल्हा, खोकड, रानमांजर आणि मोठे शिकारी पक्षी त्याच्यावर जगतात. ही मंडळी शिल्लक आहेत तिथं माणसाला बंदूक उचलण्याचं कारण नाही. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये 1930च्या दशकातल्या दुष्काळात जॅकरॅबिट म्हणजे तिथले रानससे बेसुमार वाढले. गावंच्या गावं जमली, हाका घालून हजारो ससे कुंपणात कोंडले आणि काठ्यांनी मारले. त्याआधी कित्येक वर्षं तिथले लोक कोयोटी, म्हणजे तिथला कोल्हा, वेचून मारत आले होते. मला यातून एवढंच दिसतं की सशांचा बंदोबस्त करायचा तर आधी खोकड आणि लांडगा जगवावा लागतो. आपण मात्र लांडगा दिसला की दगड उचलतो.

माळव्यातलं खरं दुखणं सशाहून मोठं आहे. 1970च्या दशकापर्यंत इथली बरीचशी काळी जमीन पावसाळ्यात मोकळी असे आणि पीक घेतलं जाई ते रब्बीत. सोयाबीन आलं आणि तीच जमीन खरिपातही हिरवी झाली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, त्याबद्दल कुणाची तक्रार असू नये. पण कुरणं नांगराखाली गेली. ज्याला गवतच लागतं तो तणमोर हटला. त्याच्यासाठी धार जिल्ह्यात सरदारपूरला 1983 साली अभयारण्य केलं. इथं त्याला खरमोर म्हणतात. आसपासच्या गावांना जमिनीची खरेदी-विक्री अवघड झाली, लोक पक्ष्यावरच चिडले, आणि 2021 साली तणमोर जगभरच्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत गेला. उलट नीलगाय आणि काळवीट पिकावर पोसले. नीलगायींचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं शेत तुडवून जातो. शेतकरी झटका मशीन लावतो, जुन्या साड्यांचं कुंपण करतो, थंडीत माळ्यावर रात्र काढतो. नीलगाय मारायला परवानगी मागण्याची सोय आहे, पण श्रद्धेपोटी तिच्यावर बंदूक उचलायला फारसं कुणी तयार होत नाही.

बिहारमध्ये 2016 साली मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या, तेव्हा केंद्रातल्या दोन मंत्र्यांचं जाहीर भांडण झालं. त्यापेक्षा देवासच्या शेजारी शाजापूरला 2025च्या ऑक्टोबरात जे सुरू झालं ते मला मोलाचं वाटतं. शेतात जाळीच्या भिंतींचं नरसाळ्यासारखं आवार उभारलं, त्याला बोमा म्हणतात. हेलिकॉप्टरनं कळप हळूहळू आत वळवले आणि 800हून अधिक काळवीट व 60हून अधिक नीलगायी पकडून गांधीसागर, कुनो यांसारख्या राखीव रानांत सोडल्या. हाका तोच, फक्त शेवटी गोळी नाही. हे खर्चिक आहे आणि दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात करता येणार नाही, हे मान्य. पण यात प्रत्येक जनावर मोजलं गेलं, आणि त्याचा बोजा एकट्या शेतकऱ्यावर न टाकता सरकारनं उचलला.

माझं म्हणणं इतकंच आहे. जनावर राष्ट्राचं म्हणता, तर त्याच्या चाऱ्याचं बिल एकट्या शेतकऱ्याच्या नावावर फाडू नका. गावागावात दरवर्षी गणती करा, तिचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवा, भरपाई पुढच्या पेरणीच्या आत द्या. एवढं करूनही एखाद्या ठिकाणी नीलगायी कमी करणं भाग पडलंच, तर ते वनखात्यानं उजेडात, हिशेबानं करावं. सशाच्या बाबतीत तीही वेळ आलेली नाही. म्हणून वाचकांना विनंती: माळव्यात असो की मराठवाड्यात, कुणी पाहुणचार म्हणून रानसशाचं मटण पुढे केलं तर ते खाऊ नका, आणि का खात नाही ते यजमानाला तिथंच सांगा.