अमानत म्हणजे काय, सांगा

बसू नका. चौघंही उभेच राहा. आणि तू, तो मोबाईल आधी खिशात घाल.

हे खोकं ओळखलंत? परवा रात्री साडेदहाला माझ्या फाटकाशी कुणीतरी ठेवून गेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. आत फाटका टॉवेल आणि त्यावर हे पिलू. बेल वाजवून पळणाऱ्याच्या चपलांचा आवाज मी ओळखते. तीन वर्षं तो आवाज प्रार्थना संपल्यावर वर्गात शिरताना ऐकलाय.

19 दिवसांपूर्वी काय झालं, ते मीच सांगते. आपल्या बुऱ्हाणपुरात इंदूर-इच्छापूर रस्त्यावर एक कुत्री ट्रकखाली गेली. तिची चार पिलं पॉवरलूमच्या कारखान्यामागे चिंध्यांच्या ढिगात कुईकुई करत होती. डोळेही उघडले नव्हते. तुम्ही एकेक उचलून घरी नेलंत. चांगलं केलंत. हे आधीच म्हणून टाकते, कारण पुढं चांगलं म्हणण्यासारखं फारसं नाही. शेजारून कितीतरी माणसं गेली, थांबलात तुम्ही. मग फोटो काढलेत, नावं ठेवलीत, गावभर दाखवलंत. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. तुमचे चारही भरले नाहीत.

पहिलं पिलू चौथ्या दिवशी गेलं. "बाई, आपोआप मेलं," म्हणालास. आपोआप काही होत नसतं. तू त्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलंस आणि चमच्यानं गाईचं दूध तोंडात ओतलंस. ते दूध पोटात गेलं नाही, फुप्फुसात गेलं. इकडे ये. बघ, कुत्रीचं पिलू आईला कसं पितं? पोटावर पालथं पडून, मान किंचित वर करून. बाटलीनं पाजतानाही तसंच धरायचं. गाईच्या दुधानं त्यांना हगवण लागते; पिलांच्या दुधाची वेगळी पावडर मिळते. अंग गार पडलेल्या पिलाला तर दूध पाजायचंच नाही, त्याला ते पचत नाही. आधी ऊब, मग दूध. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीच्या एका कडेला ठेवायची. दुसरी कडा मोकळी, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी पाजायचं, रात्रीसुद्धा. पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं खालची बाजू हलकेच पुसायची. त्या वयाच्या पिलाला आपलं आपण मुतताही येत नाही, आई चाटते तेव्हा होतं. आई तर रस्त्यावर गेली होती. ते काम आता कुणाचं होतं?

कुणाला विचारलंस? सरकारी पशुचिकित्सालय गावात आहे. 1962 ला फोन केला तर फिरता दवाखाना बोलावता येतो. शाळेच्या वाचनालयातलं विलास मनोहरांचं 'नेगल' वाचून तू रडला होतास, मला आठवतंय. हेमलकशातल्या बिबट्यासाठी रडणं सोपं होतं. आपल्या स्वयंपाकघरातल्या पिलासाठी रात्री दोनला उठणं अवघड होतं, एवढाच फरक.

आता तू. तुझ्या आजीनं कटकट केली म्हणून तू पिलू तापीच्या राजघाटावर सोडून आलास. "तिथं लोक येतात, कुणीतरी खायला घालेल." कुणीतरी! हे कुणीतरी कोण असतं रे? मी दुसऱ्या दिवशी पहाटे घाटाच्या पायऱ्या पालथ्या घातल्या. काही सापडलं नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात असं टाकून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. पन्नास रुपयांची तर तुम्ही मावा-जिलेबी खाऊन उठता. म्हणून कायद्याचा धाक मी घालत नाही. स्वतःला विचार, तुला कुणी डोळे मिटलेल्या वयात घाटावर ठेवलं असतं तर?

आणि तू, मागं लपू नकोस. तू मोटारसायकलवाल्या माणसाला पिलू देऊन टाकलंस. "सज्जन दिसत होता." नाव विचारलंस? घर पाहिलंस? साखळीला बांधून उन्हात ठेवणार की अंगणात मोकळं सोडणार, विचारलंस? आपल्या गावात मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर चटका बसतो. भाजी घेताना चार वांगी उलटीपालटी करून बघतेस, आणि जीव देताना काहीच बघितलं नाहीस!

चौथी मात्र माझी खरी गुन्हेगार. तुझ्या घरी आधीचा कुत्रा आहे. नव्या पिलाला पहिले पंधरा दिवस वेगळं ठेवायचं असतं. पार्व्होसारख्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलेच्या तळव्याला चिकटूनही घरात येतो. तू पहिल्याच दिवशी दोघांना एका टोपलीत ठेवलंस, कारण फोटो छान येतो. हाताला नखाचा ओरखडा आला, रक्त आलं, आणि तू बाही खाली ओढून घरी लपवलंस. काल आईला घेऊन दवाखान्यात गेलीस ती मी ओरडले म्हणून. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालायचं. ओरखडा असो की दात, आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्यायला जायचं. पुढची तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकही चुकवायचं नाही. भीती वाटली हे समजू शकते. पण भीतीनं लपवलंस, आणि मग लपवण्यासाठीच हे खोकं माझ्या दारात आणून टाकलंस.

आता मुद्द्याचं. तुमच्यात दया कमी आहे, असं मला म्हणायचं नाही. गोंधळ दुसराच आहे. तुम्हाला वाटलं, उचललं म्हणजे आपलं झालं. आपलं झालं म्हणजे हवं तेव्हा ठेवावं, नको झालं की टाकावं. इथंच चुकलात. ती अमानत असते. अमानत म्हणजे काय, ऐका.

तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना आहे, तिथं तुम्हाला सहलीला नेलं होतं. आहू म्हणजे हरिण. बादशहाची शिकारीची बाग ती. 1631 च्या जूनमध्ये मुमताज महल या बुऱ्हाणपुरात वारली. तिला त्याच बागेत पुरलं, पण कायमचं नाही, अमानत म्हणून. सहा महिने ती या मातीत होती, डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं. ज्या बागेत हरणं शिकारीसाठी पाळली, तिथंच एक ठेव कुणाच्या तरी हवाली करायची म्हणून जपली गेली. जवळ ठेवण्याच्या या दोन तऱ्हा. आपल्या करमणुकीसाठी ठेवणं एक, आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हणून सांभाळणं दुसरं. ज्या गावाला अमानतीचा अर्थ सांगावा लागू नये, त्या गावची पोरं तुम्ही.

अनाथ जनावर काही आठवडे घरी सांभाळणं म्हणजे अमानत. आठ आठवड्यांचं होईपर्यंत पिलाला आपल्या भावंडांत राहू द्यायचं. तुम्ही चार घरांत चार केलीत, ती चूक सगळ्यात आधीची. दोन आठवड्यांचं झालं की जंताचं औषध, सहा-आठ आठवड्यांना पहिली लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. मग चांगलं घर शोधायचं, तिथं जाऊन बघायचं, लसीचा कागद हातात द्यायचा, सहा महिन्यांच्या आसपास नसबंदी करू असं कबूल करून घ्यायचं, आणि पुढंही चौकशी करत राहायचं. यातलं एक जरी जमणार नसेल, तर उचलू नका. पावडर आणून द्या, रिक्षाचं भाडं द्या, रात्रीची एक पाळी घ्या. तीही सेवाच आहे. आणि पोपटाचं पिलू पडलेलं दिसलं म्हणून पिंजरा आणू नका. ते वन्यजीव आहे, घरात ठेवणं कायद्यानं बंद आहे, ते वनखात्याच्या ताब्यात द्यायचं.

मिळतं काय यातून? हे मी सांगणार नव्हते, कारण मिळतं ऐकलं की तुम्ही पुन्हा धावाल. पण खोटं बोलणं मला जमत नाही. माझ्या घरातून आजवर अकरा पिलं दुसऱ्यांच्या घरी गेली. दहाव्या-बाराव्या दिवशी एका डोळ्याची फट उघडते, आत निळसर धुकं असतं, आणि ते पिलू काही दिसत नसतानाही उबेच्या दिशेनं मान वळवतं. ते पाहायला मी निवृत्तीनंतरही पहाटे तीनला उठते. आणि शेवटी ते दुसऱ्याच्या अंगणात, माझ्याकडे वळूनही न बघता, तिथल्या पोराच्या मागं धावतं, तेव्हा घशात आवंढा येतो. तो आला की समजायचं, काम नीट झालं. ज्याला तो आवंढा नको, त्यानं या वाटेला जाऊ नये.

रडू नकोस. रडून पिलू मोठं होत नाही. ही वही घे. वेळ, किती प्यायलं, वजन, शी कशी झाली, रोज लिहायचं. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर, एकाच वेळी, रोज सकाळी. वजन वाढलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. हे पिलू माझ्याकडेच राहील, तुमच्यावर अजून माझा विश्वास नाही. पण पाळ्या तुमच्या. आणि तू, मोटारसायकलवाली, त्या माणसाचा पत्ता रविवारपर्यंत शोधून काढायचा. पिलू बघून यायचं. नीट असेल तर लसीची तारीख सांगून यायचं. नीट नसेल तर घेऊन यायचं, मी फाटकाशी उभी असेन.

राजघाटवाल्या, तुझं पिलू आता मिळणार नाही. या वहीचं पहिलं पान तू कोरं ठेवायचंस. ते त्याचं.

चला, हात धुऊन या. साबणानं, कोपरापर्यंत. पावडर कोमट पाण्यात कालवायची आहे, पाजायची वेळ झाली.