ताबा मराठीत, नोटीस इंग्रजीत

थकीत कर्जापोटी बँकेने घराचा ताबा घेतला की त्याची जाहीर नोटीस दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे लागते, असा सरफेसी कायद्याखालचा नियम आहे. म्हणून मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर कर्जदाराचे नाव, जामीनदाराचे नाव, सदनिका क्रमांक, चतुःसीमा, थकबाकीचा आकडा असे सगळे मराठीत छापून येते. त्याआधी त्याच कर्जदाराच्या हाती पडलेली साठ दिवसांची मागणी नोटीस मात्र बहुधा इंग्रजीत असते. कर्जदाराला कळेल त्या भाषेत व्यवहार करावा, असे रिझर्व्ह बँकेची वित्त कंपन्यांसाठीची आचारसंहिता सांगते. पण नोटिशीच्या भाषेबद्दल खुद्द कायद्यात अवाक्षर नाही. घर गेल्याचे शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांच्या भाषेत कळते. घर वाचू शकते, हे घरमालकाला त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही.

2002 च्या या कायद्याने बँकांना कोर्टाची पायरी न चढता वसुली करण्याचा अधिकार दिला. त्यामागे कारण होते. वसुलीचे दावे वर्षानुवर्षे रखडत आणि अडकलेला पैसा शेवटी ठेवीदारांचा असे. हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो: नव्वद दिवस हप्ता थकून खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक झाले, नोटीस निघाली, की पुढच्या साठ दिवसांत बँकेवर बंधन कशाचे? कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देण्याचे. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात आग्रह धरला म्हणून तेवढे तरी कायद्यात आले. समोर बसून मुदतवाढीचा विचार करण्याचे बंधन नाहीच. एकरकमी तडजोड हा कर्जदाराचा हक्क नाही, हेही न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून खरा मार्ग नोटिशीच्या आधीचा. नोकरी गेली, आजारपण आले, तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. तेही झेपणार नसेल तर घर आपणहून विकावे. हा सल्ला कटू आहे, पण मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. खरेदीदाराच्या पैशातून बँकेची बाकी परस्पर फिटते, उरलेली रक्कम कुटुंबाच्या हाती येते. लिलावात मात्र सोसायटीची थकबाकी, आत राहणारे कुटुंब, कोर्टकज्जाची धास्ती हे सगळे धरूनच बोली लागते. आलेल्या पैशात कर्ज फिटले नाही, तर घर जाऊनही बाकी मानगुटीवर राहते. नोटीस आल्यावर विकायचे तर बँकेची लेखी संमती लागते. ती मागावी, लेखी मागावी.

पण घडते उलटेच. चार माणसांत नाचक्की नको म्हणून दागिने गहाण पडतात, खासगी सावकाराकडून उचल होते, आणि बँकेला शेवटी कळवले जाते. तोवर दारे मिटत आलेली असतात. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. 2016 च्या दुरुस्तीनंतर ही मुदत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरली, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ताब्याविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते. मात्र तिथे बँकेची कारवाई नियमाला धरून होती का, हे तपासले जाते. बुडालेला पगार परत येत नाही.

माझी मागणी कर्जमाफीची नाही. साठ दिवसांच्या नोटिशीसोबत एक मराठी पान सक्तीचे करावे: बाकी किती, मुदतवाढ मिळेल का, स्वतः विकायला किती महिने देणार, कोणाला भेटायचे. ते पान नसेल तर नोटीस अपुरी धरावी. घर कर्जदारानेच विकून लिलावापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर त्यात बँकेचेही हितच आहे. तोवर ज्यांचा पहिला हप्ता चुकला आहे त्यांनी दुसरा चुकण्याची वाट पाहू नये. शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि शिक्क्यासह पोच घ्यावी. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या कर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.