वीस माणसं पाठवा



गोष्ट एका चिठ्ठीची आहे. चिठ्ठी नगरपरिषदेची. वर छापलेलं, ‘समुद्रकिनारा स्वच्छता मोहीम. सप्टेंबरचा तिसरा शनिवार, सकाळी ७ वाजता. एक दिवस आपल्या गावासाठी.’ आणि खाली पेनानं लिहिलेलं, ‘बौद्धवाडी – वीस माणसं पाठवा.’

मी वाडीतल्या मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून चिठ्ठी माझ्या हातात आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा काहीच वाटलं नाही. हेही सांगून टाकतो, कारण काहीच न वाटणं हा आपला जुना रोग आहे. संध्याकाळी स्टँडवरच्या टपरीवर भंडारवाड्यातला एक दोस्त भेटला. त्याच्या खिशात त्यांच्या वाड्याची चिठ्ठी होती. छापील मजकूर तोच. खाली पेनानं लिहिलेलं मात्र वेगळं, ‘बहुसंख्येने उपस्थित राहावे.’ कोळीवाड्यात चौकशी केली, तिथं तेच. मोहल्ल्यात तेच. बाजारपेठेत तर वर ‘सस्नेह निमंत्रण’सुद्धा. आकडा फक्त आम्हाला.

आमचं शहर म्हणजे नावाला शहर. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं एक गावच. एक खाडी, एक जेटी, सुरूचं बन, मच्छीमार्केट, आणि मे महिन्यात नि गणपतीत भरून वाहणारी चाकरमान्यांची गर्दी. आमची वाडी स्टँडच्या पाठी, गावचा नाला खाडीला मिळतो तिथं. वाडीच्या पलीकडं कचरा डेपो. वारा फिरला की आमच्या ताटात गावचा वास. गणपती विसर्जन झालं की पुळणीवर प्लास्टरचे हात, पाय, सोंडा येऊन पडतात. निर्माल्य, थर्माकोल, बाटल्या. ते कुणीतरी उचलायला हवं, यात वाद नाही. वाद एवढाच की ‘कुणीतरी’ म्हटलं की गावाच्या डोळ्यापुढं कुणाचा चेहरा येतो.

विहारात बैठक घेतली. पोरं तापलेली. एक जण उठून म्हणाला, “आपल्या आज्यापणज्यांनी मेलेली ढोरं ओढायची सोडली, ती काय गणपतीचे हातपाय गोळा करायला? एकानंसुद्धा जायचं नाय.” टाळ्या पडल्या. मग वाडीतले एक वडीलधारे काका उठले. ते म्हणाले, “गावात ऱ्हायचं तर गावासंगं ऱ्हायला पायजे. नळाची लाईन अजून अर्ध्यावर हाय. उद्या सायबाच्या दारात कंच्या तोंडानं जायाचं?” त्यांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण बायका गप्प झाल्या, कारण पाणी त्या भरतात.

मी सेक्रेटरी, मला उत्तर लिहायचं होतं. दोन्ही बाजूंचं खरं वाटत होतं आणि दोन्हीकडं कुठंतरी अडत होतं. जायचं नाही म्हटलं तर किनारा त्यांचा होतो. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, मग तो साफ ठेवणं आपलंही काम नाही का? आणि जायचं म्हटलं तर त्या आकड्यावर आपला अंगठा उमटतो. म्हणजे मुळात प्रश्न काय आहे? काम वाईट आहे, की बोलावणं वाईट आहे?

झाडू वाईट नाही. माझी आई तीस वर्षं झाडकामाला होती, तिच्या झाडूवर मी शिकलो. त्याची मला लाज नाही. पण झाडूला पूज्य म्हणणाऱ्यांचाही मला वीट आहे. सफाईत एवढं पुण्य असतं तर ते आमच्या वाट्याला कधी येऊच दिलं नसतं. बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलं ते इथं लक्षात घ्या. जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, काम करणारी माणसंच एकमेकांपासून तोडून वाटून टाकली. म्हणून तेच काम एकानं केलं की श्रमदान होतं, फोटो निघतो. दुसऱ्यानं केलं की त्याला ड्युटी म्हणतात.

मी ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आलं, सगळी मेख क्रियापदात आहे. ‘या’ म्हणायला समोर माणूस लागतो. ‘पाठवा’ म्हणायला समोर मुकादम लागतो. भंडारवाडा येणार होता. आम्ही पाठवले जाणार होतो. जो येतो तो गावाचा नागरिक. जो पाठवला जातो तो गावाचं सामान.

इथं महाड आठवल्याशिवाय राहत नाही. महाड आपल्याच कोकणातलं, सावित्री नदीकाठचं जुनं बंदर. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर आपण नागरिक झालो. पण तीन वर्षं त्या तळ्याच्या पायऱ्या कुणी उतरलं नाही, कारण उतरणाऱ्याची पाठ फोडायला गाव तयार होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चालत गेले, हजारो माणसं मागं गेली, ओंजळ भरली तेव्हा तो ठराव जिवंत झाला. त्याच दिवशी आपल्या माणसांची डोकी फुटली. मग तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच नगरपालिकेनं आपला ठराव रद्द केला.

आपण ओंजळीची गोष्ट दरवर्षी सांगतो. ठराव रद्द झाल्याची गोष्ट कमी सांगतो. ती सांगायला हवी. ज्या बैठकीत आपण नसतो, तिथं दिलेला हक्क तिथंच काढून घेता येतो. गावात भली माणसं नव्हती असं नाही. सुरबानाना टिपणिसांसारखी माणसं त्याच महाडमध्ये होती, डिसेंबरच्या परिषदेला हिंदूंची जागा मिळेना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. पण चार भल्या माणसांच्या भलेपणावर नागरिकत्व उभं राहत नाही. विरोधकांनी कोर्टात काय मांडलं? तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. जिथं जनावरं पाणी पीत होती ते तळं आपण हात लावताच खाजगी झालं! हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला मार्च १९३७ मध्ये. एका ओंजळीला दहा वर्षं.

तर मी मनात उत्तर पक्कं केलं. हात मागायचे असतील तर आधी मत मागा. किनारा कसा साफ करायचा, कचरा कुठं नेऊन टाकायचा, हे ज्या बैठकीत ठरतं तिथं आम्हाला बसवा, मग आम्ही येतो. त्या बैठकीचं इतिवृत्त मी नंतर माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून मिळवलं. हजर कोण? हॉटेलवाले, क्लबवाले, गणेश मंडळांचे अध्यक्ष, कॉलेजचे सर. आमच्या वाडीतलं कुणी नाही. सफाई खात्यातला एक कामगारसुद्धा नाही. किनारा सगळ्यांत जास्त ज्यांना ठाऊक, तेच नाहीत. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं नगरपरिषदांत आपल्याला लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या, ही मोठी गोष्ट. पण मध्यंतरी राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षं झाल्या नाहीत, कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सभाच नाही तर राखीव खुर्ची मांडायची कुठं? शिवाय पाच वर्षांनी एकदा बोटाला शाई लावणं म्हणजे नागरिक असणं नव्हे. रोजच्या नळाच्या, नाल्याच्या, डेपोच्या बैठकीत तुमचं तोंड उघडतं की नाही, तिथं ते ठरतं.

असं सगळं मी रात्री घरी बसून लिहीत होतो. अक्षर ठाशीव, भाषा जळजळीत. आई पलीकडं सुके बोंबील साफ करत होती. तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं. मग मान वर न करता म्हणाली, “झ्याक लिवलंस. आन् मेहतर लायनीला कुनी लिवलं व्हतं रं?”

मला कळेना.

“चौदा एप्रिलला. तुज्याच अक्षरात व्हतं. त्या लायनीतली सखी माजी. माज्याबरूबर काढलीत तिनं तीस वर्सं. मी रस्ता झाडायची, ती नाल्यात उतरायची. तिनं दावली मला चिठ्ठी.”

मग आठवलं. जयंतीची मिरवणूक. फुलं, गुलाल, फटाक्यांचे कागद, पाण्याच्या बाटल्या. रस्ता घाण दिसायला नको, बाबासाहेबांच्या नावाला बट्टा नको, म्हणून मंडळाच्या लेटरहेडवर मी लिहिलं होतं, ‘मिरवणुकीमागे रस्ता साफ करण्यासाठी पाच माणसे पाठवावीत. चहा-नाश्त्याची सोय केली जाईल.’

पाठवावीत. तेच क्रियापद. आणि तोच आकडा, नुसता लहान.

दोस्तहो, त्या रात्री मी ते उत्तर फाडलं. लाज वाटली म्हणून नव्हे, लाज वाटून कुणाचं भलं होत नाही. फाडलं, कारण ते खोटं होतं. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध असमानता म्हणत तिचा अर्थ आपण भाषणात सांगतो. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी असतं आणि पायाखालीही कुणीतरी असतं, म्हणून कुणालाच अख्खी उतरंड मोडाविशी वाटत नाही. पण ती उतरंड मनुस्मृतीतच असते असं आपण धरून चालतो. ती मंडळाच्या लेटरहेडवर, सेक्रेटरीच्या सुवाच्य अक्षरातही असते. मी वरच्या चिठ्ठीचा अपमान लगेच ओळखला, खालची चिठ्ठी लिहिताना मात्र माझ्या हाताला काही झालं नाही. उलट चहा-नाश्ता देतो म्हणून मी स्वतःला बरा समजत होतो. हॉटेलवालेही मोहिमेच्या दिवशी वडापाव वाटतात.

दुसऱ्या दिवशी विहारात मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचल्या. टाळ्या नाहीत. ज्या पोरानं गणपतीच्या हातापायांचं बोललं होतं तो बराच वेळ खाली बघत होता. एक जण म्हणाला, “त्यांचं नि आपलं येक कसं? ते त्यांचं कामच हाय.” म्हणाला आणि त्याचा त्यालाच आवाज ऐकू गेला असावा, तो मध्येच थांबला. दोघे मात्र उठून गेले. अजून बैठकीला येत नाहीत.

आम्ही पाच जण मेहतर लायनीत गेलो. चिठ्ठी नेली नाही. तिथले एक म्हातारे काका म्हणाले, “बोलवायला आलाव व्हय? मग बसा.” त्या लायनीत मी पहिल्यांदा बसलो, जन्म याच गावात काढून. त्यांनी सांगितलं, पोरं आता ठेकेदाराकडं आहेत, हातमोजे कधी मिळतात कधी नाही. २०१६ साली केंद्रानं घनकचऱ्याचे नियम काढले, त्यांत हातमोजे, बूट, रेनकोट, मास्क द्यायचे हे लिहिलं होतं. हातानं मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलं. मेल्यावरची किंमत ठरली, जगतानाचे हातमोजे ठेकेदाराच्या मर्जीवर. हे सगळं आम्हाला ठाऊक हवं होतं. आम्हाला ठाऊक होती ती फक्त आमची नळाची लाईन.

मग दोन्ही वस्त्यांच्या सहीनं नगरपरिषदेला पत्र गेलं. तीनच मुद्दे. आम्ही येऊ, आकड्यानं नाही. किनाऱ्याचे तुकडे पाडून कुणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाल्याच्या तोंडासकट. आणि डेपोवर बैठक लावा, आम्हाला बसवा.

साहेब हसले, “चिठ्ठ्या कशाला, आपण लहान मुलं का?” पण टाकल्या. नाल्याचं तोंड निघालं बाजारपेठेला. अर्धी बाजारपेठ दहा मिनिटांत घड्याळ बघत निघून गेली. चार-पाच जण थांबले. त्यांतल्या एका दुकानदाराच्या बायकोला फावडं धरता येईना, तर आईच्या त्या मैत्रिणीनं तिला धरून दाखवलं. दोघी चिखलात उभ्या राहून काहीतरी बोलल्या, हसल्या. याचा मी गौरव करणार नाही. एका सकाळीनं गाव बदलत नाही. पण आमच्या गावात त्या दोघी एकमेकींशी पहिल्यांदा बोलल्या, एवढं खरं. एकत्र जगणं म्हणतात त्याची सुरुवात अशीच कुठंतरी होत असेल.

डेपो आहे तिथंच आहे. बैठकीला बोलावतो म्हणाले, बोलावणं आलेलं नाही. आम्ही न बोलावता जाणार आहोत, दोन्ही वस्त्या मिळून. आमच्या जयंतीच्या कमिटीत आता मेहतर लायनीतले दोघं आहेत, आणि मिरवणुकीमागं झाडायची पाळी लावली आहे. पहिली पाळी सेक्रेटरीची. आईनं जुना झाडू काढून दिला आणि म्हणाली, “वाकून झाड. उभ्यानं झाडलं की कचरा तितंच ऱ्हातो.”

दोस्तहो, तुमच्या मंडळाची जावक वही काढा. गेल्या वर्षभरात तुम्ही कुणाला ‘या’ लिहिलंत आणि कुणाला ‘पाठवा’ लिहिलंत, ते बघा. मग नगरपरिषदेला पत्र लिहा.

जय भीम.